पोपट ड्रायव्हर आन् आमची लंगडी खुर्ची

आमची खुर्ची लंगडी हाय, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. सासूबाईंनी थोरल्या आबांच्या, म्हंजी माझ्या आजेसासऱ्यांच्या, पाया पडायला धाडलं. आबा ओसरीवर खुर्चीत बसल्याले. मिशीला पीळ, हातात काठी, समोर दोन माणसं बांधाचं भांडण घेऊन उभी. मी वाकले, आशीर्वाद द्यायला आबा पुढं झुकले, आन् खुर्ची टकाक् करून एका अंगाला कलली. मला हसू फुटलं. त्या हसण्यापायी सासूबाईंनी वर्षभर माझ्या पदरात माप घातलं.

मी सरूबाई. आमची भिवरेवाडी म्हंजी शिरूर तालुक्याचं पार टोक. भीमा वलांडली की दौंड तालुका, आन् तिकडं केडगावाजवळ माझं माहेर. गाव मला तोंडावर पाटलीणबाई म्हणतं. मागं काय म्हणतं ते मला ठावं हाय, पण तुम्हाला सांगणार न्हाई.

तर माहेरी बी वडलांची खुर्ची लंगडीच होती. मागचा डावा पाय वाईच लांब. शेजारच्या पायाखाली चपलेचा तुकडा सारल्याला. सासरी चपलेच्या जागी बाभळीचा ठोकळा, येवढाच काय तो फरक. मला आपलं वाटायचं, मोठ्या घरच्या खुर्च्या अशाच असत्यात. साहेबाची खुर्ची म्हणल्यावर तिला बी थोडा ताठा असणारच की.

व्हय, साहेबाची. आमच्या घरात असंच सांगत आल्यात. शिरूरला तवा घोडनदी म्हणायचे आन् तिथं इंग्रजांची घोडेस्वारांची छावणी होती. ती उठली तवा लिलाव झाला, आन् आबांच्या वडलांनी ही खुर्ची बैलगाडीत घालून आणली. सागाची हाय. पाठीला उभ्या पट्ट्या, हात टेकायला रुंद दांड्या, आन् लोखंडाचा खिळा औषधाला सुदिक न्हाई. एकदा माझ्या मालकांनी करवत काढली, म्हणले लांब पाय कापूनच टाकतो. सासूबाई आडव्या पडल्या. "साहेबाच्या वस्तूला करवत लावतोस व्हय रं?" पाय वाचला.

ही लिलावाची गोष्ट साफ खोटी हाय, असं सांगणारा साऱ्या गावात एकच माणूस. पोपट खंडागळे. आता त्याचंच सांगते.

पोपट मातंग वस्तीतला. काटकुळा, शर्टाचं वरचं बटण बी लावणार, आन् आवाज असा की कुजबुजला तरी वेशीपतुर जावा. रांजणगावच्या कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. आख्खी नोकरी त्याच कामात गेली. गावातली, वाड्यावस्त्यांवरची पोरंपोरी त्याच्या बसनं शिफ्टला जायची. एखादी पोरगी दिसली न्हाई तर तो हॉर्न देत थांबायचा आन् बाकीच्यांच्या शिव्या खायचा. "तिचा पगार तू देतूस का?" असं उलटं विचारायचा. पण पोरांना त्याची एकच पीडा. गाडी न्हावऱ्याच्या पुढं गेली की तो पणज्याची गोष्ट काढायचा. पाटलाच्या ओसरीवरची खुर्ची माझ्या पणज्यानं केल्याली हाय, रखमाजी मिस्त्रीनं. पोरं म्हणायची, "मामा, मग बसचं सीट बी त्यानंच केलंय का?" आन् सगळी बस हसायची. पोपट बी हसायचा. पण दुसऱ्या दिवशी परत सांगायचा.

त्याची गोष्ट अशी. त्या काळी त्यांच्या वस्तीला कामं ठरवून दिल्याली. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, गावाची हलगी वाजवायची, आन् खळ्यावर जे पदरात पडंल ते बलुतं म्हणून घ्यायचं. रखमाजी छावणीत घोड्यांचे दोर पोचवायला जायचा. तिथल्या सुताराच्या दाराशी बसून बसून तो रंधा धरायला शिकला. गावात आला आन् म्हणाला, मी गावकी करणार न्हाई, बलुतं बी घेणार न्हाई. मी खुर्ची करीन, ज्याला पाहिजे त्यानं इकत घ्यावी. आता सुतारकी काय त्याच्या जातीचं काम न्हवं. गाव खवळलं. त्याचं पीठपाणी अडवलं, त्याच्या हातचं लाकूड दारात घ्यायचं न्हाई असं ठरलं. तो खुर्ची डोक्यावर घ्यायचा, पाणी कमी असंल तिथनं भीमा वलांडायचा आन् दौंडाला रेल्वेच्या बंगल्यांवर जाऊन इकायचा. तिथल्याच कुणा साहेबाकडनं एक पाटलाच्या ओसरीवर आली, असं पोपटाचं म्हणणं. कुणाचा चाकर न्हाई आन् कुणाचा बलुतेदार न्हाई. पोपट हे सांगताना दर वेळी छाती पुढं काढायचा.

आन् ह्याला पुरावा काय? काय न्हाई. एक वस्तू न्हाई. हत्यारं दुष्काळात इकली. केल्याल्या खुर्च्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं गेल्या, घरात एक बी राह्यली न्हाई. बसायला पोतं आन् सांगायला खुर्ची, असं गाव म्हणायचं. मी बी म्हणायची.

त्यांच्या घरात एक येडेपणा मात्र होता. खंडेनवमीला समदे आपापल्या हत्यारांची पूजा करत्यात. आम्ही नांगराची, आता ट्रॅक्टरची. पोपट त्या दिवशी बसच्या स्टेरिंगला हार घालायचा, आन् घरी येऊन मधल्या खणातल्या एका दगडाला हळदकुंकू वाहायचा. काळा, रुंद दगड, जमिनीत बसवल्याला. एका कोपऱ्याला खळगा पडल्याला. एरवी त्या खळग्यात कोंबड्यांना पाणी ठेवत असायचे. मी एकदा विचारलं, "पोपट, हत्याराच्या दिवशी दगड कशापायी पुजतूस रं?" तर म्हणला, "आज्ज्यानं सांगितलंय आक्का. मिस्त्रीचा दगड हाय, हलवायचा न्हाई." का, ते आज्ज्यानं बी सांगितलं न्हवतं. मग पाणी पिणाऱ्या कोंबड्यांना बी हळदकुंकू लावा की, म्हणून मी चेष्टा केली होती.

पोपट रिटायर झाला. गावाला वाटलं, आता जुनं घर पाडून स्लॅब टाकणार. पोरगी पूनम रांजणगावलाच कंपनीत सुपरवायझर, तिचं बी तेच म्हणणं असंल असं आम्ही धरून चाललो. तर बापलेकीनं जाहीर केलं, घर पाडायचं न्हाई. रखमाजी मिस्त्रीच्या वेळी जसं होतं तसं उभं करायचं, आन् दारावर त्याच्या नावाची पाटी लावायची.

मी हसले. पोपटाला उभ्या जन्मात सरळ खिळा मारता आला न्हाई. भिंतीवर फोटो लावायचा तर अंगठा ठेचून घ्यायचा. स्टेरिंग सोडून कुठलंच काम त्याच्या हातानं धड व्हायचं न्हाई. रखमाजी खरंच मिस्त्री असंल तर त्याची कला ह्या पणतवाला बघून नदीत उडी मारंल, असं मी चारचौघांत म्हणलं, आन् ते त्याच्यापतुर पोचलं बी. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणला, "आक्का, उडी मारली तरी पवता येतं त्याला. खुर्ची घेऊन पवायचा."

पण मी बघत होते. एक उन्हाळा आन् एक हिवाळा तो त्या घरात राबला. मातीच्या भिंतींना भेगा पडल्याल्या, तिथं नवी माती, गवताचा भुसा घालून मळून मळून भरली. पत्रे काढले, कौलं चढवली. खणाची तुळई वाळवीनं खाल्ल्याली, तिच्या पोटाला नवा साग जोडला, म्हंजी जोडून घेतला, सुतार न्हावऱ्यावरनं आणला. पोपट आपला पाणी द्यायचा, चहा करायचा आन् मधी मधी अंगठा ठेचायचा. दाराच्या चौकटीवरचे ऑइलपेंटाचे थर मात्र त्यानं आन् पूनमनं खरवडून काढले. मी सहज म्हणून बघायला गेले, आन् चौकटीपाशी पाय थांबले. साग मधासारखा निघाल्याला. चार लाकडं चार कोपऱ्यांत एकमेकात अशी घुसल्याली की नख जाईना. खिळा न्हाई. घरी आल्यावर खुर्चीच्या कोपऱ्यावरनं एकदा बोट फिरवलं. मग माझाच मला राग आला. छावणीतल्या साहेबाचा सुतार बी अशी चौकट करीलच की, असं स्वतःला सांगितलं.

फरशीची वेळ आली तवा मोठी भानगड झाली. सणसवाडीला राहणारा एक बिहारी गवंडी लावला होता, चांगला कारागीर. तो म्हणला, "चाचा, ये पत्थर निकालना पडेगा. फर्शी लेवल में नहीं आयेगी." पोपट त्या दगडावर जाऊन उभा राह्यला. गवंडी समजावतोय, शेजारी समजावत्यात, पूनम सुदिक म्हणाली, "आप्पा, बाहेर अंगणात ठेवू, पूजा तिथं करू." पोपट खाली उतरंना. "तुझी लेव्हल दगडाच्या भवतीनं आण," म्हणला. "का?" तर म्हणं म्हाईत न्हाई. शेवटी गवंड्यानं हात जोडले आन् दगड सोडून शहाबादी फरशी बसवली. नव्या फरशीत तो खळग्याचा काळा दगड दिसायला वंगाळच दिसायचा. गाव म्हणलं, पोपटाचं डोकं फिरलं.

मग पाटीचा विषय ग्रामसभेत आला. पूनमनं लिहून आणलं होतं, "रखमाजी खंडागळे, खुर्च्या घडवणारे कारागीर, यांचं घर". माझा मुलगा विश्वजीत सरपंच हाय. तो म्हणला, घराला नाव द्या, कारागीर लिहू नका. गावच्या कमानीला बी ह्या घराचा फलक लागणार, उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय? पुरावा काय हाय? दोर वळणाऱ्या घराण्यानं खुर्च्या केल्या हे कशावरनं? पोपट उभा राह्यला, तोंड उघडलं, आन् तसाच खाली बसला. आयुष्यभर जो माणूस बसभर बडबडला, त्याचा आवाज त्या दिवशी फुटला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडं आला. ओट्याच्या पायरीवर बसला. शेजारी खुर्ची मोकळी होती, तरी पायरीवरच. त्याचा बाप बी तिथंच बसायचा.

"आक्का, नव्या घराच्या पूजेला खुर्ची एक दिवस द्या," म्हणला. "घरात ठेवून बघतो. पुरावा म्हणून न्हाई. कारागीर म्हणून नाव न्हाई लागलं तर न्हाई लागलं. पण मेल्यावर आज्जा विचारंल, घर उभं केलंस, त्यात मिस्त्रीच्या हातचं काय ठेवलंस? मी काय सांगू?"

त्याचे डोळे भरून आल्याले. आन् मी काय म्हणावं? मी म्हणलं, "पाटलाची खुर्ची वस्तीवर न्यायची, गाव काय म्हणंल?" तो उठला, पायताण घातलं आन् गेला. मला वाटलं भांडंल. भांडला असता तर बरं झालं असतं. दिवसभर मला अन्न गोड लागलं न्हाई. सांजच्याला मी विश्वजीतला म्हणलं, "खुर्ची धाड त्याच्याकडं. एकदा सगळ्यांसमोर ठेवू दे. बघू दे गावाला साहेबाची वस्तू कशी असती आन् त्याचं घर कसं हाय. कायमचा ह्यो विषय मिटू दे." खरं सांगते, माझ्या मनात पोपटाचं तोंड बंद करायचंच होतं. दया आली म्हणून म्हणलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पूजेच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बसवली, पुढं मी. विश्वजीत मागनं गाडीत. ठोकळा घरीच राह्यला, माझ्या ध्यानातच न्हाई आलं. घर मात्र मी बघतच राह्यले. कौलांवर सकाळचं ऊन, भिंतीला पांढरी माती, आन् ती मधाच्या रंगाची चौकट. आत पूजा आटपल्याली. दगडाला हळदकुंकू, वर फूल. माणसं भिंतीला टेकून बसल्याली. वस्तीतली तर होतीच, पण गावातली बी पुष्कळ आली होती. पोपटाच्या बसनं शिफ्टला गेलेली पोरं, आता बापे झाल्याली, पोरं कडेवर घेऊन आल्याली.

खुर्ची भिंतीपाशी ठेवली. मी बसले. टकाक्.

कोण तरी हसलं. विश्वजीत म्हणला, "इथं बी लंगडीच हाय की, पोपटमामा." पोपट खाली बघत उभा होता.

भिंतीपाशी मला दारातलं दिसंना. पूनम म्हणाली, "आजी, मधी घेते, म्हंजी तुम्हाला येणारी माणसं दिसतील." मधी म्हंजी त्या दगडावरच, तेवढीच जागा मोकळी. पोपट पुढं आला. फूल उचलून कपाळाला लावलं, बाजूला ठेवलं. पुजलेल्या दगडावर खुर्ची ठेवायला त्याचा हात धजंना. मी म्हणलं, "ठेव की, देव काय चिरडायचा न्हाई." मग त्यानं आन् पूनमनं खुर्ची उचलली, तोंड दाराकडं केलं, आन् सोडली.

आवाज झाला न्हाई.

दर वेळी खुर्ची ठेवली की टकाक् व्हायचं. आमच्या घरात ती सवय झाल्याली. इथं ती ठेवली आन् तशीच बसली. पोपटानं पाठीला हात लावून डावीकडं दाबलं. हलली न्हाई. उजवीकडं दाबलं. हलली न्हाई. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले, दोन्ही हातांनी खुर्ची धरून हिसका दिला. सगळ्या जन्मात ती कवा अशी उभी राह्यल्याली मी बघितली न्हवती.

मी वाकून बघितलं. मागचा डावा पाय, तो लांब पाय, ज्याला माझे मालक करवत लावणार होते, तो बरोबर खळग्यात उतरला होता. बाकीचे तीन पाय जिथं टेकले होते तिथं दगड घासून गुळगुळीत झाल्याला. हळदीकुंकवाखाली ते तीन ठिपके कुणाला कवा दिसलेच न्हवते. एक खुर्ची ठेवून दगड घासत न्हाई. तिथं लई खुर्च्या ठेवल्या होत्या कुणीतरी. एक एक खुर्ची झाली की इथं उभी करायची, पाय घासायचा, परत उभी करायची, डुगडुगती का बघायचं. त्या माणसाकडं सपाट जागा येवढीच होती, आन् तिच्या एका कोपऱ्याला खळगा होता. त्याला ते कळलं असंल का नसंल, म्हाईत न्हाई. ह्या दगडावर उभी राह्यली म्हंजी खुर्ची झाली. हेच त्याचं माप, हेच त्याचं हत्यार. पोरांनी सगळं इकलं आन् हे ठेवलं, कारण हे उचलून नेता येत न्हवतं.

आन् तवा मला माहेरची खुर्ची आठवली. मागचा डावा पाय लांब, शेजारी चपलेचा तुकडा. माझे वडील सांगायचे, दौंडाच्या रेल्वेच्या साहेबाकडनं आणलीय म्हणून. मी दोन्ही घरांत त्या एकाच माणसाच्या खुर्चीपुढं वाकले होते, आन् त्याचं नाव मला पोपटाच्या बडबडीत ऐकू आलं तवा मी हसले होते.

विश्वजीत गुडघ्यावर बसला, खळग्यातल्या पायाला हात लावला. बोटाला हळद लागली. तो म्हणला, "पूनम, पाटीवर काय लिहिलं होतंस तू? मला पाठव. तसंच लागंल." माझं पोर सरपंच म्हणून मला आवडलं ते तवा पहिल्यांदा.

पोपट खुर्चीकडं बघत होता. हात लावत न्हवता आता. मी म्हणलं, "बसा, पोपटराव."

तो म्हणला, "आक्का, तुम्ही बसा. तुमच्यासाठी मधी घेतली."

"मी लई बसले," म्हणलं. "बसा."

तो बसला. आधी कडेला, बसमधी नवीन पॅसेंजर बसतो तसा. मग हळूच मागं टेकला, दोन्ही हात त्या रुंद दांड्यांवर ठेवले. खुर्ची जागची हलली न्हाई. त्यानं डोळे मिटले आन् मोठ्यांदा रडायला लागला, लाज न धरता. पूनमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आन् मी त्याच्यासमोर उभी होते, आबांसमोर नव्या नवरीसारखी, आन् मला त्यात काय बी वावगं वाटलं न्हाई.

माणसं जेवली. पंगत उठली. विश्वजीतनं ट्रॅक्टर वळवून आणला आन् मला विचारलं, "आई, खुर्ची घरी न्यायची ना?"

मी म्हणलं, "घरीच हाय की ती."

आठवड्याभरानं माझ्या भाच्यानं केडगावची खुर्ची पिकअपमधी घालून आणली. पोपटरावांनी तिला दगडावर ठेवली. ती बी बसली. ते नुसतं मान हलवत राह्यले. आता कोण कोण विचारायला येतंय, आमच्याकडं बी लंगडी हाय, दाखवायला आणू का म्हणून. पोपटराव सगळ्यांना या म्हणत्यात, चहा करत्यात, आन् गोष्ट पहिल्यापास्नं सांगत्यात. आता कुणी हसत न्हाई, पण गोष्ट मात्र आधीपेक्षा लांब झालीया.

आमची ओसरी मोकळी दिसती. खुर्ची गेली त्या दिवशी घरी आले तर तिच्या जागी तो बाभळीचा ठोकळा एकटाच पडल्याला. चार पिढ्या आम्ही तो जपला होता, हरवला की नवा तासायचो. मी तो उचलला आन् चुलीत घातला.